वाडा विकणें आहे

वर्तमानपत्राच्या जाहिरातींत अधूनमधून चार ओळी अशा आढळतात : शहराच्या मध्यवस्तींत, जुन्या पेठेंत, ऐसपैस वाडा विकणें आहे, दोन चौक, मुबलक जागा, संपूर्ण दुरुस्ती आवश्यक. वाचणारा त्यांवरून नजर फिरवितो आणि पुढच्या जाहिरातीकडे वळतो. परंतु या चार ओळींत एक नीतीचा प्रश्न दडलेला आहे, व तो केवळ त्या वाड्याच्या मालकापुरता नाहीं असें आम्हांस वाटतें. जें आपण बांधलें नाहीं, जें आपल्याला नीट चालवितां येत नाहीं, आणि जें आपल्यामागून येणाऱ्यांना हवें असेल कीं नाहीं हें ठाऊक नाहीं, तें विकण्याचा आपणांस अधिकार आहे काय? असल्यास त्या अधिकाराच्या मर्यादा कोणत्या? विकणारा कोणाचें देणें लागतो : मेलेल्यांचें, जिवंतांचें, कीं अद्याप न जन्मलेल्यांचें?

उदाहरण म्हणून पुण्याच्या जुन्या पेठांतील एखादा वाडा आम्ही डोळ्यांपुढें ठेवतों. कारण शहरी घराचा जो प्रकार मराठी माणसाच्या मनांत सर्वांत खोल रुजला आहे तो हाच. घडीव दगडाचें जोतें, त्यावर सागवानी खांब व तुळया यांचा सांगाडा, दोन खांबांमधील अंतराला खण म्हणून त्यानेंच घराचें माप सांगण्याची रीति, मधोमध आकाशाला उघडा चौक, भोंवतीं ओसरी, आंत माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि मागें परसू व आड, अशी त्याची साधारण रचना असे. कांहीं वाड्यांच्या हौदांत नानासाहेब पेशव्यांच्या काळीं कात्रजच्या तलावापासून बांधून आणलेल्या नळाचें पाणी खेळत असे. दर्शनी दरवाजा भव्य, पण रोजची ये-जा त्यांतल्या लहान दिंडींतून, तीहि मान लववून.

अशा घराविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. एकदां बांधलें आणि मोकळे झालों, अशा जातीचें तें घर नव्हतेंच. दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळावयाचीं, फुटकीं बदलावयाचीं, जमीन सारवावयाची, गिलाव्याचा पोपडा सुटला तर चुना मळून भरावयाचा, वाळवी लागलेला वासा वेळींच काढावयाचा. तुळईचें जें टोंक भिंतींत गाडलेलें असतें तेंच ओल धरून प्रथम कुजतें, आणि तें डोळ्यांना दिसत नाहीं. जाणता सुतार तुळई ठोकून पाहतो व आवाजावरून तिची प्रकृति ओळखतो. लाकडाच्या घराला आगीचें भय तर सदैव असे. १७३० सालीं ज्याचें बांधकाम सुरू झालें त्या शनिवारवाड्याचे लाकडी मजले १८२८ च्या आगींत जळाले, आणि जोतें, तट व दरवाजे तेवढे उरले. पेशव्यांच्या वैभवालाहि जें चुकलें नाहीं तें सामान्य गृहस्थाच्या चौसोपी घराला कसें चुकणार? तात्पर्य, वाडा म्हणजे एक वस्तु नसून एक चालू काम होतें. तें काम ज्या दिवशीं थांबलें त्या दिवसापासून वाडा पडूं लागला, मग तो प्रत्यक्ष पडावयास पन्नास वर्षें कां लागेनात.

हें काम कां थांबलें याचीं कारणें भावनेंत शोधण्यापेक्षां हिशेबांत शोधणें बरें. वाड्याचे मालक जसजसे नोकरीधंद्यानिमित्त पांगले तसतसे रिकाम्या खणांत बिऱ्हाडकरू आले. १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्यानें १९४० च्या सप्टेंबरांतील भाडें हें प्रमाण धरलें. घरमालकाच्या लहरीमुळें कोणाचा संसार रस्त्यावर येऊं नये हा त्या कायद्याचा हेतु न्याय्यच होता. पण भाडें गोठलें आणि चुना, लाकूड व मजुरी यांचे भाव मात्र गोठले नाहींत. २००० सालीं अमलांत आलेल्या नव्या कायद्यानें वर्षाला शेंकडा चार वाढ करण्याची मुभा दिली; परंतु मूळ आंकडाच साठ वर्षांपूर्वींचा असल्यावर त्याच्या शेंकडा चारांत एक तुळईसुद्धां बदलत नाहीं. मालक म्हणे, भाडें मिळत नाहीं तर दुरुस्ती कशाची? बिऱ्हाडकरू म्हणे, दुरुस्ती होत नाहीं तर भाडें वाढवावें कशासाठीं? दोघांचेंहि म्हणणें आपापल्या परीनें खरें होतें, आणि दोघांच्या खऱ्याखालीं वाडा खचत होता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकांठच्या पेठांतील कित्येक घरें एका दिवसांत कोसळलीं. त्या पुराची आठवण शहरानें जपली. जो दुसरा पूर वर्षानुवर्षें गळक्या कौलांतून ठिबकत होता, त्याची नोंद कोणी ठेवली नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. एक पक्ष असा : वडिलांची वास्तु विकूं नये. या पक्षाला आपल्या धर्मशास्त्राचा मोठा आधार आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर जी मिताक्षरा टीका लिहिली, तिनें पुत्राला वडिलार्जित संपत्तींत जन्मतःच हक्क दिला. स्थावराच्या बाबतींत तर जे जन्मले आहेत त्यांचाच नव्हे, तर जे गर्भांत आहेत आणि जे अद्याप गर्भांतहि नाहींत त्यांचाहि विचार तिनें केला आहे. आजच्या काळांत भावी पिढ्यांच्या हक्कांविषयीं पुष्कळ बोललें जातें. तो विचार आपल्याकडे वांटपाच्या रोकड्या प्रकरणांत आठ-नऊशें वर्षांपूर्वीं शिरलेला होता, हें विसरतां कामा नये.

परंतु हा आधार घेणाऱ्यांनीं तो पुरा घेतला पाहिजे. न जन्मलेल्यांचा हा विचार कोणत्या कारणासाठीं? कुळाच्या प्रतिष्ठेसाठीं नव्हे, तर त्यांनाहि निर्वाहाचें साधन लागेल म्हणून. आणि त्याच शास्त्रानें अपवादहि सांगितले आहेत : संकटकाळीं, कुटुंबाच्या पोषणासाठीं आणि आवश्यक धर्मकृत्यासाठीं एकटा कर्ताहि स्थावर विकूं शकतो. म्हणजे शास्त्रकारांच्या मनांत घर माणसांसाठीं होतें. माणसें घरासाठीं नव्हतीं. ज्या घराच्या छताखालीं निजणें धोक्याचें झालें आहे आणि ज्याच्यापासून कोणाचाच निर्वाह होत नाहीं, तें न विकण्यासाठीं मिताक्षरेचा हवाला देणें म्हणजे नियमाचें कलेवर जपून त्याचा प्राण घालविणें होय.

पूर्वजांच्या स्मृतीचा जो भावनेचा भाग आहे, त्याचीहि थोडी तपासणी केली पाहिजे. वाड्याच्या आठवणी सांगणारे बहुधा चौक, झोंपाळा, गणपतीची आरास आणि ओसरीवरच्या गप्पा सांगतात. त्या खोट्या नाहींत. पण त्या ओसरीवर बसणाऱ्यांच्या आठवणी आहेत. माजघराच्या पलीकडे, उजेड न येणाऱ्या खोलींत जी विधवा आत्या आयुष्य कंठीत होती, जिनें पहांटे जातें ओढलें आणि आडाचें पाणी शेंदलें, तिला कोणी विचारलें असतें तर तिनें त्याच वाड्याचें वर्णन निराळ्या शब्दांत केलें असतें. दिंडींतून कोणाला आंत घेत असत आणि कोणाला बाहेरच उभें करीत असत, हेंहि त्या वास्तूच्या इतिहासांतच मोडतें. पूर्वजांचा मान राखावा, परंतु त्यांच्यापैकीं मूठभरांच्या सुखालाच सर्वांची स्मृति समजूं नये. वाडा राखावयाचा तर या सगळ्या स्मृतीसह राखावा. आणि विकावयाचा तर, आपण एक सुवर्णयुग विकून टाकलें अशी उगाच हळहळ करूं नये.

दुसरा पक्ष याच्या उलट आहे. तो म्हणतो, घर ही मालमत्ता आहे. कायद्यानें ती ज्याची त्याला, तिचें काय करावयाचें हा ज्याचा त्याचा प्रश्न. जो अधिक देईल त्याला द्यावी. या पक्षाचें उत्तर इंग्लंडांत जॉन रस्किन यानें १८४९ सालींच देऊन ठेवलें आहे. त्याच्या मतें जुनी इमारत आजच्या धन्याची अशी नसतेच. ज्यांनीं ती उभारली त्यांचा आणि ज्या पिढ्या पुढें यावयाच्या आहेत त्यांचा तिच्यावर हक्क आहे. म्हणून ती पाडण्याचा अधिकार आपल्याला पोंचत नाहीं. हें मत ऐकतांच मन भारावतें. परंतु घडीभर थांबून विचारलें पाहिजे कीं, पुढच्या सर्व पिढ्यांच्या वतीनें गळकें छप्पर दुरुस्त करण्याचा खर्च कोणी द्यावयाचा? इमारत जर सर्वांची, तर तिचा भार एकट्यानेंच कां वाहावा? शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थाला, तुझा वाडा हा शहराचा वारसा आहे, तो तूं पाडूं नकोस, असें सांगून शहर घरीं निघून गेलें, तर तें शहर दुसऱ्याच्या खर्चानें धर्म करीत आहे असेंच म्हटलें पाहिजे. मुंबईंत १९९५ सालीं वारसा-वास्तूंसाठीं स्वतंत्र नियम झाले, आणि पुढें इतर शहरांनींहि तशा याद्या केल्या. यादींत नांव घालणें हें कर्तव्याचें पहिलें पाऊल खरें. पण पहिल्याच पावलावर जो थांबतो त्याला प्रवासी म्हणत नाहींत.

या दोन पक्षांच्या वादांत एक प्रश्न मागें राहतो, आणि आमच्या मतें तोच निर्णायक आहे. वाडा राखावयाचा म्हणजे नेमकें काय राखावयाचें? 'संपूर्ण दुरुस्ती आवश्यक' या शब्दांचा अर्थ असा कीं, निम्मीं लाकडें बदलावयाचीं, भिंती नव्या घालावयाच्या, शौचकूप, नळ, वीज हीं सर्व नव्यानें आणावयाचीं. इतकें झाल्यावर जें उरेल तें जुनेंच घर कीं नवें? ग्रीक लोकांतहि असा एक वाद होता. थीसियसच्या नौकेच्या फळ्या जसजशा कुजत तसतशा बदलीत. शेवटीं ती तीच नौका राहिली कीं नाहीं याविषयीं तत्त्वज्ञ भांडत, असें प्लूटार्क लिहितो. जपानांतील इसे येथील देवालय तर दर वीस वर्षांनीं शेजारच्या जागेवर संपूर्ण नवें बांधतात. २०१३ सालीं तें बासष्टाव्यांदा बांधलें, आणि तरीहि जपानी भाविक त्याला प्राचीनच म्हणतो. लाकूड नवें, पण लाकूड तासण्याची विद्या जुनी, आणि ती एका पिढीच्या हातून दुसरीच्या हातीं प्रत्यक्ष कामांतूनच गेलेली.

युरोपांतहि यावर मोठा वाद झाला. फ्रान्सांतील व्हियोले-ल-द्युक हा जुनी इमारत अशा पूर्णावस्थेला नेऊं पाहत असे कीं, ती अवस्था तिला पूर्वीं कधीं लाभलीहि नसेल. उलट विल्यम मॉरिस यानें १८७७ सालीं जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं जी संस्था काढली, तिचा आग्रह असा कीं, रोजची निगा ठेवा म्हणजे जीर्णोद्धाराची वेळच येणार नाहीं. आम्हांस या दोघांपैकीं दुसऱ्याचें म्हणणें अधिक पटतें, आणि तें आपल्या वाड्यांनाहि लागू पडतें. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला तर ओल आंतच कोंडते आणि भिंत अधिक लवकर जाते. तिला चुनाच लागतो. कारण चुना भिंतीला श्वास घेऊं देतो, सिमेंट देत नाहीं. निगा म्हणजे केवळ खर्च नव्हे. ज्याची निगा राखावयाची त्याचा स्वभाव ओळखणें हा तिचा आत्मा आहे.

यावरून आमचा निष्कर्ष निघतो. घराची मालकी खरेदीखतानें सुरू होत असेल, पण ती टिकते दुरुस्तीनें. जो निगा राखतो तो, भाड्यानें राहत असला तरी, कांहीं अंशीं त्या घराचा धनी आहे. आणि जो निगा सोडतो त्यानें, सातबारा वा मिळकतपत्रिका त्याच्याच नांवची असली तरी, नीतीच्या दृष्टीनें घर आधींच सोडलेलें आहे. मग विकावें कीं राखावें हा वाद पुष्कळदां उशिरा आलेला असतो. न विकणारा प्रत्येक जण राखणारा नसतो. दाराला कुलूप, आंत वाळवी, भावाभावांत दावा, आणि तोंडीं मात्र 'आमच्या पूर्वजांचा वाडा' : ही स्थिति विक्रीहून वाईट, कारण विक्रींत निदान घराला दुसरा हात लागण्याची आशा असते.

आपल्या परंपरेंत पितृऋण नांवाची एक सूक्ष्म कल्पना आहे. हें ऋण ज्यानें दिलें त्यालाच परत करतां येत नाहीं; तें पुढच्याला देऊन फेडावयाचें असतें. बापाचें ऋण मुलाला वाढवून फिटतें. वाड्याचें ऋणहि तसेंच आहे. ज्यांनीं तो बांधला त्यांना तो परत देतां येणार नाहीं. जो पुढें त्याची निगा राखील त्याच्या हातीं सोंपविला म्हणजे तें फिटतें. तो पुढचा मनुष्य आपल्याच रक्ताचा असला पाहिजे असें नाहीं. आपल्या समाजानें दत्तक हा पुत्र मानलाच आहे ना? दत्तक देणारा पिता मुलाला टाकीत नाहीं. जेथें त्याचें वाढणें होईल तेथें त्याला पोंचवितो. शास्त्रकारांनीं दत्त आणि क्रीत, म्हणजे दिलेला आणि विकत घेतलेला, असे दोन पुत्र निराळे मोजले आहेत. वाडा विकतांना पैसा येतो म्हणून तो क्रीतच ठरेल, हें आम्ही मान्य करतों. परंतु व्यवहार क्रीताचा असतांनाहि देण्याची वृत्ति दत्ताची असूं शकते, आणि विक्रेत्याचें कर्तव्य तेथेंच सुरू होतें.

तें कर्तव्य आमच्या मतें तीन प्रकारचें आहे. पहिलें सत्याचें : कोणती तुळई पोकळ आहे, कोणत्या भिंतींत ओल आहे, कोणता दावा चालू आहे, हें घेणाऱ्याला न विचारतां सांगावें. रंगसफेदी करून दोष झांकणारा मनुष्य घरालाच नव्हे, तर त्या घरांत उद्यां निजणाऱ्या मुलांनाहि फसवितो. दुसरें न्यायाचें. मुलींना वडिलार्जित मिळकतींत जन्मतः समान हक्क महाराष्ट्रांत १९९४ च्या कायद्यानें आणि सर्व देशांत २००५ च्या दुरुस्तीनें मिळाला. तरी विक्रीच्या आदल्या दिवशीं बहिणीपुढें हक्कसोडपत्र ठेवून, माहेर तुटूं नये म्हणून सही कर, असें सुचविणारे भाऊ अजून आहेत. माहेरच्या मायेची अशी किंमत वसूल करणाऱ्यानें पूर्वजांचें नांव तरी घेऊं नये. बिऱ्हाडकरूंचाहि विचार याच सदरांत येतो. ज्यांनीं तीन पिढ्या त्या खणांत काढल्या, त्यांना अंधारांत ठेवून केलेला सौदा कायद्यांत बसला तरी न्यायांत बसत नाहीं.

तिसरें कर्तव्य सर्वांत कठीण आहे. समजा, दोन घेणारे आले. एक वाडा पाडून तेथें सदनिकांची इमारत उठविणार, आणि तो अधिक देतो. दुसरा दुरुस्त करून राहणार, आणि तो कमी देतो. विक्रेत्यानें काय करावें? कमी घ्यावें, असें चटकन म्हणणें सोपें आहे; पण तें नेहमींच खरें नाहीं. त्या दोन किंमतींमधील अंतर जर विक्रेत्याची केवळ चैन असेल, तर त्यानें तें सोडावें असें आम्ही निःशंक म्हणूं. तें अंतर जर म्हाताऱ्या आईचें औषधपाणी असेल, तर तें सोडण्यास त्याला सांगण्याचा अधिकार कोणालाच नाहीं. तें भरून देणें मग ज्या शहराला वाडा हवा आहे त्या शहराचें काम. आणि तें अंतर जर बहिणीच्या वांट्यांतलें असेल, तर आपण उदार होऊन तिचा पैसा सोडणें हें औदार्य नव्हे. कोणीहि स्वतःच्याच वांट्याचा त्याग करूं शकतो. यांत आणखी एक अडचण आहे आणि ती लपवूं नये : पाडणारा कधीं बिऱ्हाडकरूंना पक्कीं घरें देतो, व राखणारा त्यांना बाहेर काढूं पाहतो. तेथें लाकडापेक्षां माणसांच्या बाजूनें कौल द्यावा लागेल, मग महिरपी कितीहि सुंदर असोत.

असे प्रसंग सोडले तर राखण्याचा मार्ग पुष्कळदां असतो, पण तो शोधावा लागतो. १८७९ च्या आगींत बुधवारवाडा नष्ट झाला आणि विश्रामबागवाड्याचा एक भाग जळाला. पहिल्याची आज आठवण तेवढी आहे. दुसऱ्याचा जळालेला भाग लोकांनीं वर्गणी काढून पुन्हां उभा केला, व पुढें तेथें नगरपालिकेचें कार्यालय नांदलें. बाजीरावानें तो आपल्या निवासासाठीं बांधला होता; तो टिकला मात्र अनेकांच्या उपयोगामुळें. ज्या वास्तूला कांहीं काम आहे तिची कौलें कोणी ना कोणी चाळतो. खाजगी वाड्यांपैकींहि जे टिकले त्यांच्यामागें बहुधा असाच उपयोग आढळेल : एखादी शाळा, वाचनालय, छापखाना, किंवा साधा नांदता संसार.

म्हणून ज्यांच्या घरीं हा प्रश्न उभा आहे त्यांना आमचें सांगणें एवढेंच कीं, वाडा विकण्यांत पाप आहे या भयानें निर्णय पुढें ढकलूं नये. वर्षांतून एकदां सर्व वारसांनीं, बहिणींसह, त्या चौकांत बसावें. जाणत्या सुताराला बोलावून तुळया तपासून घ्याव्या. खर्चाचा आंकडा कागदावर मांडावा आणि प्रत्येकानें आपला वांटा किती उचलवेल तें सांगावें. बेरीज पुरी पडली तर पावसाळ्यापूर्वीं कामाला लागावें. न पडली तर सगळे दोष लिहून जाहिरात द्यावी, आणि जो घेणारा प्रथम किंमत न विचारतां छप्पर कोठें गळतें तें विचारील, त्याचें म्हणणें अधिक लक्षपूर्वक ऐकावें.